लेक लिबरल आर्ट्सला चालली आहे : कोलंबिया कॉलेज आणि तिथल्या 'कोअर'बद्दल माहिती हवी

मीरा_एडिसन

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे.

लेकीला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या कोलंबिया कॉलेजात प्रवेश मिळाला. घरात आनंद आहे आणि काळजीही तितकीच. दुसऱ्या एका विद्यापीठात तिला इंजिनिअरिंगला घेतलं आहे, तिथे खर्चही कमी पडतो. पण तिचं मन कोलंबियावर बसलंय. काय शिकणार म्हणून विचारलं तर म्हणते, "विषय दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा असतो, आई. बहुतेक गणित."

सांगलीला सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "एवढी हुशार पोर, आणि आर्ट्सला?" रागाने नाही, खरोखरच्या काळजीने म्हणाले. आणि मला त्यांना उत्तर देता येईना. मी स्वतः डिप्लोमा करून नोकरीला लागले. पहिल्या दिवसापासून माझा विषय मला माहीत होता, त्यामुळे ही पद्धत माझ्या अनुभवातलीच नाही.

कोणाला माहीत असेल तर सांगा: विद्यापीठाच्या आत हे वेगळं 'कॉलेज' म्हणजे काय? पहिली दोन वर्षं नक्की काय शिकवतात? आणि गणित करणाऱ्या मुलीला होमर, म्हणजे तो प्राचीन ग्रीक महाकवी, सक्तीने का वाचायला लावतात?

---

जुना_पेठकर

आधी शब्दाचा घोळ सोडवू, कारण सासऱ्यांची निम्मी काळजी त्या शब्दातच आहे.

आपल्याकडे दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा तीन रांगा लागतात, आणि तिसरी रांग कमी मार्कांची हे डोक्यात घट्ट बसलेलं असतं. लिबरल आर्ट्स म्हणजे ती तिसरी रांग नव्हे. मूळ लॅटिन शब्द 'आर्तेस लिबेरालेस', म्हणजे स्वतंत्र माणसाला, गुलाम नसलेल्या नागरिकाला ज्या यायला हव्यात त्या विद्या. मध्ययुगीन युरोपात त्या सात मानत. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या चार. संगीतही तेव्हा प्रमाणांचं शास्त्र म्हणून शिकवत. सातांपैकी चार विद्या आकड्यांच्या आहेत हे सासऱ्यांना जरूर सांगा. आजही गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र हे अशा कॉलेजचे हक्काचे विषय आहेत.

आता कॉलेज आणि विद्यापीठ. कोलंबिया विद्यापीठात कायदा, वैद्यक, पत्रकारिता, इंजिनिअरिंग अशा स्वतंत्र शाळा आहेत. बी.ए.ची पदवी देणारं जे जुनं कॉलेज, ते कोलंबिया कॉलेज. १७५४ साली ते 'किंग्ज कॉलेज' या नावाने सुरू झालं, तेव्हा ट्रिनिटी चर्चशेजारच्या शाळेत आठ विद्यार्थी होते. 'विद्यापीठ' हे नाव आलं १८९६ मध्ये. तेव्हा कॉलेज हे मूळ खोड, बाकीच्या फांद्या नंतर फुटल्या. पहिले अध्यक्ष सॅम्युअल जॉन्सन यांच्या काळात संस्थेने आपलं ध्येय सांगितलं ते साधारण असं: मन विशाल करणं, समज वाढवणं आणि सबंध माणूस घडवणं. 

---

ऋतुजा_नाशिक

मीराताई, अभिनंदन! मी तिथलीच. नाशिकहून गेले होते, त्यामुळे तुमच्या सासऱ्यांचं वाक्य माझ्याही घरी ऐकलंय. जरा सविस्तर लिहिते.

कोलंबिया कॉलेजात प्रत्येकाला, मग तो पुढे रसायनशास्त्र घेवो की नृत्य, 'कोअर', म्हणजे सगळ्यांना सक्तीच्या ठरावीक वर्गांचा अभ्यासक्रम, करावाच लागतो. त्याची सुरुवात १९१९ची. पहिल्या महायुद्धाच्या काळात 'हे युद्ध कशासाठी?' हे समजावणारा एक वर्ग विद्यापीठात चालत होता. युद्ध संपल्यावर प्राध्यापकांना वाटलं की शांततेचे प्रश्नही तितकेच अवघड आहेत, त्यावरही सगळ्यांनी मिळून विचार करायला हवा. त्यातून 'कंटेम्पररी सिव्हिलायझेशन' हा वर्ग निघाला. मुलं त्याला नुसतं 'सीसी' म्हणतात. १९३७ला साहित्याचा वर्षभराचा वर्ग आला, तो 'लिट हम'. १९४७पासून चित्र-शिल्प-वास्तुकला आणि संगीत हे दोन वर्ग सक्तीचे झाले. विज्ञानाचा 'फ्रंटियर्स ऑफ सायन्स' अगदी अलीकडचा, २००४चा. याशिवाय लेखनाचा एक वर्ग, विज्ञानाचे आणखी दोन, युरोप-अमेरिकेबाहेरच्या जगाचे दोन, आणि एक परकी भाषा मध्यम पातळीपर्यंत. पदवीला एकूण १२४ क्रेडिट लागतात. त्यातून कोअर आणि मेजर (मुख्य विषय) वजा करूनही मनासारखे विषय घ्यायला जागा उरते.

ही झाली यादी. यादी वाचून मलाही काही कळलं नव्हतं. कळलं ते टेबलाशी बसल्यावर.

लिट हमचा वर्ग साधारण बावीस जणांचा. आठवड्यातून दोनदा, दर वेळी जवळजवळ दोन तास. व्याख्यान नाही. मधे टेबल, भोवती आपण, प्रत्येकापुढे तेच पुस्तक. आणि त्याच आठवड्यात पहिल्या वर्षाची सगळी, शेकडो मुलं तेच पुस्तक वाचत असतात. जेवायच्या रांगेत, कपडे धुवायच्या खोलीत, कुठेही अनोळखी मुलाशी बोलायला विषय तयार असतो. मी नवीन देशात होते, कोणी ओळखीचं नव्हतं. माझ्या पहिल्या मैत्रिणी त्या पुस्तकांमुळे झाल्या.

सुरुवात होमरच्या इलियडपासून. कॉलेजात जायच्या आधीच्या उन्हाळ्यात माजी विद्यार्थ्यांतर्फे प्रत भेट येते, तुमच्याकडेही येईल. पहिले तीन आठवडे मी तोंड उघडलं नाही. नाशिकला आम्ही सर सांगतील ते लिहून घ्यायचो. इथे प्राध्यापक विचारत, "तुला काय वाटतं?" आणि मग खरंच थांबून राहत. ती शांतता मला असह्य व्हायची.

मग शेवटचा सर्ग आला. म्हातारा राजा प्रियाम रात्री शत्रूच्या छावणीत जातो. ज्याने मुलाला मारलं त्या अकिलीसचे गुडघे धरून त्याच्या हातांचं चुंबन घेतो आणि मुलाचं प्रेत मागतो. वर्गात कोणीतरी म्हणालं की हा राजाचा अपमान आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे गांधारी आहे." आणि मी महाभारतातलं स्त्रीपर्व सांगायला लागले. युद्धानंतर रणांगणावर हिंडणाऱ्या बायका, शंभर मुलं गेलेली आई, तिचा कृष्णाला शाप. पंधरा मिनिटं बोलले असेन. कोणी मधे बोललं नाही. त्यानंतर एका मुलाने विचारलं, "प्रियाम याचना करतो, गांधारी शाप देते. यातलं मोठं दुःख कोणाचं?" त्या प्रश्नावर आम्ही तास संपेपर्यंत भांडलो. मी गांधारीची गोष्ट आजीच्या मांडीवर ऐकली होती, पण तिच्याबद्दल *विचार* मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

गणिताच्या मुलीला होमर कशाला, तर यासाठी. सिद्धता मांडणं ती गणितात शिकेलच. ज्याला एकच उत्तर नाही अशा प्रश्नावर, समोरच्याचं ऐकून घेऊन आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडणं, हे तिला या टेबलाशी शिकायला मिळेल. 'पुराव्यानिशी' म्हणजे अक्षरशः ओळीवर बोट ठेवून. "मला असं वाटतं" म्हटलं की लगेच "कुठल्या पानावर?" हा प्रश्न येतो.

हो, आणि एक सूचना. आमच्या वेळी पदवीआधी पोहण्याची परीक्षा द्यावी लागायची, न थांबता तलावाच्या तीन फेऱ्या. इंजिनिअरिंगच्या मुलांना ती माफ, कॉलेजच्यांना नाही. लेकीला पोहता येत नसेल तर आत्ताच शिकवा!

---

ह्यूस्टनकर

ऋतुजा, सुंदर लिहिलंय. तरी मी दुसरी बाजू मांडतो, कारण मीराताईंना निर्णय घ्यायचाय.

आमच्या मोठ्या मुलाने अशाच पद्धतीचं शिक्षण घेतलं, दुसऱ्या एका कॉलेजात. चार वर्षं अतिशय आनंदात गेली. पण विषय उशिरा ठरवल्यामुळे इंटर्नशिप उशिरा मिळाल्या, आणि पदवीनंतर वर्षभर तो आमच्या घरी होता. त्या वर्षी त्याच्या डोळ्यांतला आत्मविश्वास कसा ओसरत गेला ते मी पाहिलंय. आज त्याचं उत्तम चाललं आहे, पण ते वर्ष मी विसरलेलो नाही. खाजगी विद्यापीठात राहण्या-जेवणासकट वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या वर खर्च सांगतात. घरावर कर्ज काढून हे करू नका. मेजर गणित असेल तर संगणकशास्त्राचे वर्ग पहिल्या वर्षापासून सुरू करा, थांबू नका.

---

ऋतुजा_नाशिक

@ह्यूस्टनकर, दादा, मुद्दा मान्य. हे मीही प्रत्येकाला सांगते. कोअर आहे म्हणून मेजरकडे दुर्लक्ष करायचं नाही. गणिताची मुलं पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलस किंवा पुढचं घेतात, कोअर त्याच्या जोडीने चालतो.

खर्चाबद्दल मात्र, छापील आकडा पाहून घाबरू नका. अमेरिकेतल्या नागरिकांना प्रवेश देताना तिथे ऐपत बघत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर जेवढी गरज सिद्ध होते तेवढी मदत करतात, तीही कर्जाच्या रूपात नाही. वर्षाला दीड लाख डॉलरच्या आत उत्पन्न आणि त्या मानाने सामान्य मालमत्ता असलेल्या घरांना ट्यूशन फी लागत नाही, असं कॉलेजने जाहीर केलेलं आहे. मीराताई, आर्थिक मदत कार्यालयाचं पत्र हातात पडल्याशिवाय कुठलाही हिशेब करू नका. परदेशातून अर्ज करणाऱ्यांना मात्र प्रवेशाच्या वेळी ऐपत बघितली जाते. भारतातून अर्ज करणाऱ्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं.

---

साताऱ्याचा_मास्तर

हा धागा कोलंबियाचा आणि अजून बाबासाहेबांचं नाव आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

७ नोव्हेंबर १९०० रोजी आमच्या साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावाचं नाव दाखल झालं. महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९१३च्या जुलैत, बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियात पोचले. वय बावीस. ते पदव्युत्तर विद्यार्थी होते, ऋतुजाताई सांगतात त्या कॉलेजात नव्हते, आणि कोअरही तेव्हा सुरू व्हायचा होता. पण त्यांनी घेतलेले विषय बघा. मुख्य विषय अर्थशास्त्र, त्याचे एकोणतीस वर्ग. त्याखेरीज इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार, राज्यशास्त्राचे तीन, वर प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. कोणी सक्ती केली नव्हती. ज्ञानाची दारं ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बंद होती, त्यांच्यातला एक तरुण सगळी दारं एकदम उघडून बघत होता.

आणि त्या विस्ताराचं फळ लगेच दिसलं. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी, मानववंशशास्त्राचा वर्ग, विषय समाजरचनेचा. त्यांचे गुरू जॉन ड्यूई तत्त्वज्ञ, सेलिग्मन अर्थशास्त्रज्ञ, रॉबिन्सन इतिहासकार. १९५२ साली त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. मी दर वर्षी नववीच्या मुलांना ही विषयांची यादी फळ्यावर लिहून दाखवतो. मुलं मोजतात आणि गप्प होतात.

मीराताई, सासऱ्यांना सांगा की नात त्या आवारात जाते आहे. तिथल्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. पहिल्या आठवड्यात तिला तिथे जाऊन यायला सांगा, एवढी माझी विनंती.

---

शाहूपुरी_वाचक

माझा प्रश्न थोडा टोचणारा आहे. हा 'कोअर' म्हणजे शेवटी होमर, प्लेटो, रोमन, फ्रेंच. ऋतुजाने गांधारी आणली म्हणून आली, अभ्यासक्रमात ती नव्हतीच ना? आपल्या मुलांनी तिथे जाऊन दुसऱ्यांचे पूर्वज पाठ करायचे का?

---

ऋतुजा_नाशिक

टोचणारा आहे आणि बरोबर आहे. तिथली मुलंही तो वर्षानुवर्षं विचारत आली आहेत.

बटलर ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीवर होमर, हेरोडोटस, सोफोक्लीस, प्लेटो अशी नावं दगडात कोरलेली आहेत. एकही बाई नाही. कॉलेजात मुलींना प्रवेशच मिळाला १९८३ मध्ये. लिट हमच्या यादीत पहिली लेखिका, जेन ऑस्टिन, आली १९८५ला. १९८९ मध्ये विद्यार्थिनींनी त्या कोरलेल्या नावांच्या वर स्त्री-लेखिकांची नावं लिहिलेला भलामोठा कापडी फलक टांगला. २०१९ला पुन्हा तसा फलक लागला, आणि त्यात ए. रेवती हे नाव होतं. तमिळनाडूतल्या, आपलं तृतीयपंथी आयुष्य लिहिणाऱ्या रेवती! मी तो फोटो पाहिला तेव्हा आनंदाने रडले.

दुसरं, विल्यम थिओडोर डी बॅरी या प्राध्यापकांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस आशियाई ग्रंथांचा तसाच टेबलाभोवतीचा वर्ग उभा केला. गीता, शाकुंतल, कन्फ्यूशियस. आज तो युरोपबाहेरच्या जगाच्या अटीत मोजला जातो. माझं मत विचाराल तर एवढ्याने भागत नाही. गीता पर्यायी आणि प्लेटो सक्तीचा, हे मला अजूनही खटकतं. पण हे खटकणं नेमक्या शब्दांत मांडायचं कसं, ते मी सीसीच्या टेबलाशीच शिकले. आणि माझ्या प्राध्यापकांनी ते ऐकून घेतलं, मला अधिक वाचायला दिलं.

---

माई_डेक्कन

मी सत्तरीची आहे, मुलाने टाईप करून दिलंय. माझा अनुभव उलट्या दिशेचा आहे.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडच्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांचा एक संघ आहे. त्यांची मुलं पूर्वी दर वर्षी पुण्याला यायची, काही महिने पुणेकरांच्या घरी राहून मराठी शिकायची. आमच्याकडेही एक मुलगी होती. जीवशास्त्र तिचा विषय. मी विचारलं, मराठी शिकून तुला काय मिळणार? म्हणाली, "माई, मला अजून माहीत नाही." तेव्हा मला ते उत्तर विचित्र वाटलं होतं. ती मंडईत भाजीवालीशी घासाघीस करायला शिकली, आषाढीला पालखीबरोबर सासवडपर्यंत चालत गेली, पाय सुजवून आली. आज ती डॉक्टर आहे, आणि दिवाळीला मला फोन करून मराठीत बोलते.

त्या कॉलेजांपैकीच मिनेसोटातलं कार्लटन. तिथे एलेनॉर झेलियट बाई इतिहास शिकवत. १९६९ साली त्यांनी आंबेडकर आणि महार चळवळ यावर प्रबंध पूर्ण केला, आणि पुढे आयुष्यभर दलित साहित्य आणि संतांचं काम इंग्रजी वाचकांपर्यंत नेलं. एवढ्या लांबच्या छोट्या कॉलेजात चोखोबा कोणाला तरी महत्त्वाचा वाटला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

---

तासिका_तत्त्वावर

माई, वाचून भरून आलं.

मी महाराष्ट्रातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्याकडे नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ला आणि बाकीच्यांत २०२४-२५ला आलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञानप्रणाली, तीन वर्षांची पदवी किंवा चार वर्षांची ऑनर्स. कागदावर बघितलं तर ऋतुजाच्या यादीपासून फार लांब नाही. बी.एस्सी.चा मुलगा माझ्याकडे ओपन इलेक्टिव्ह म्हणून कविता शिकायला येतो, हे मला मनापासून आवडतं.

पण माझ्या वर्गात एकशे दहा मुलं आहेत. बावीस नाहीत. टेबल नाही, बाक आहेत, सगळे फळ्याकडे तोंड केलेले. मी त्या वर्गाला तासाच्या हिशेबाने नेमलेली, पुढच्या वर्षी असेन की नाही ठाऊक नाही. "तुला काय वाटतं?" असं विचारून थांबायला वेळ लागतो. तो वेळ कुठल्या क्रेडिटमध्ये धरायचा?

तरी गेल्या वर्षी एक केलं. शनिवारी दुपारी, तासिका संपल्यावर, पंधरा मुलांना झाडाखाली गोल बसवलं. दर शनिवारी एकच अभंग. क्रेडिट नाही, हजेरी नाही. दिवाळीपर्यंत पंधराची सव्वीस झाली. ऋतुजाताई, तुमचे प्राध्यापक चर्चा कशी सुरू करायचे ते जरा सांगाल का? माझी गाडी पहिल्या दहा मिनिटांत अडते.

---

ऋतुजा_नाशिक

ताई, तुम्ही जे करताय तोच कोअर आहे!

आमच्या प्राध्यापिका कधीच "याचा अर्थ काय?" विचारायच्या नाहीत. आधी कोणाकडून तरी चार ओळी मोठ्याने वाचून घ्यायच्या. मग, "यातला कुठला शब्द तुम्हाला अनपेक्षित वाटला?" शब्द दाखवायला कोणी घाबरत नाही. एका शब्दावर तीन जणांचं एकमत झालं नाही की पुढचा तास आपोआप चालतो. दुसरं, त्या आदल्या रात्री प्रत्येकाकडून एक प्रश्न लिहून मागवायच्या आणि सगळ्यांत गप्प मुलाच्या प्रश्नापासून सुरुवात करायच्या. तुमच्याकडे फोनवर मागवता येतील.

---

जुना_पेठकर

गणिताच्या मुलीसाठी एक नाव राहून गेलं. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्याचा, १९२९ला हार्वर्ड कॉलेजातून पदवी, विषय गणित, जोडीला भाषाच भाषा. परत येऊन फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं. संख्याशास्त्राचा सराव म्हणून प्राचीन नाणी तोलायला घेतली. नाण्यांचं वजन घटतं ते किती हात बदलले त्यावर, हे आकड्यांतून दिसलं. मग नाणी पाडली कोणी, म्हणून इतिहासाकडे वळले, आणि इतिहासासाठी संस्कृत पक्कं केलं. भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती १९४८ची. कोलंबियाच्या समोरच्या बार्नार्ड कॉलेजात शिकवणाऱ्या बार्बरा स्टोलर मिलर यांनी पुढे १९६७ला त्याच भर्तृहरीचं इंग्रजी भाषांतर केलं.

---

मीरा_एडिसन

सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री हा पूर्ण धागा सासऱ्यांना फोनवर वाचून दाखवला. दीड तास लागला.

बाबासाहेबांच्या विषयांची यादी त्यांनी मला दोनदा वाचायला लावली. सात विद्यांपैकी चार गणिताच्या, हे त्यांनी लिहून घेतलं. गांधारीच्या प्रश्नावर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "दुःख प्रियामाचं मोठं. गांधारीला निदान शाप द्यायला कोणीतरी होतं." लेक शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आजोबा, कुठल्या पानावर?" आणि त्यांचं दोघांचं जे सुरू झालं ते मी मधे पडले नाही.

ह्यूस्टनकर दादा, मदतीचं पत्र आलं आहे. घरावर कर्ज काढावं लागणार नाही. पहिल्या सेमिस्टरला गणित आणि संगणकशास्त्र दोन्ही घ्यायचं तिने कबूल केलंय. मास्तर, अर्धपुतळ्याजवळचा फोटो तुम्हाला इथेच पाठवीन.

पोहता मात्र तिला येत नाही. ते ऐकून सासरे म्हणाले, "जूनमध्ये पाठव इकडे. मी कृष्णेत सुका भोपळा बांधून शिकलो, तिला तलावात शिकवतो." तिकीट काढलंय.